आंतोनियो कार्लोस मागाल्याइस आणि बाहियातील ‘कार्लिझ्मो’ : एका प्रादेशिक सत्तेची चिकित्सा

बीजसंज्ञा : ब्राझील, बाहिया, कोरोनेलिझ्मो, प्रादेशिक नेतृत्व, प्रसारमाध्यमे, संघराज्य

प्रस्तावना :

लॅटिन अमेरिकेच्या राजकारणाचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने लष्करी राजवटी, क्रांतिकारी चळवळी आणि राष्ट्रीय पातळीवरील लोकानुनयी नेते या तीन अंगांनी झालेला दिसतो. संघराज्याच्या एखाद्या घटकराज्यात दीर्घकाळ पाय रोवून बसलेला आणि तेथूनच राष्ट्रीय राजकारणाचे दोर हलवणारा प्रादेशिक नेता या अभ्यासातून बहुधा निसटतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातील बाहिया या राज्याचे नेते आंतोनियो कार्लोस मागाल्याइस (१९२७-२००७) हे अशा नेतृत्वाचे ठळक उदाहरण होय. नगराध्यक्ष, तीन वेळा राज्यपाल, केंद्रीय मंत्री आणि सिनेटचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषविली. ब्राझीलमधील राज्यपाल हा आपल्याकडील राज्यपालासारखा नामधारी नसून राज्याचा खरा कार्यकारी प्रमुख असतो, हे येथे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. ‘आसेएमे’ या आद्याक्षरांनी ते देशभर ओळखले जात. विरोधक त्यांना ‘तोनिन्यो मालवादेझा’ म्हणजे ‘दुष्ट तोनिन्यो’ म्हणत, तर चाहते त्याच नावाला ‘तेर्नुरा’ म्हणजे ‘माया’ हा शब्द जोडत. एकाच माणसाला दोन विरुद्ध टोपणनावे मिळावीत आणि दोन्ही टिकावीत, यातच त्यांच्या सत्तेचे स्वरूप पुष्कळसे सामावलेले आहे.

बाहियाचा विस्तार महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींहून अधिक असून त्यात ४१७ नगरपालिका क्षेत्रे आहेत. राजधानी साल्वादोर हे १५४९ ते १७६३ या काळात संपूर्ण पोर्तुगीज ब्राझीलचे मुख्यालय होते. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे वाटेत याच बंदरात थांबत. गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या ऊस-अर्थव्यवस्थेचा ऱ्हास झाला, देशाचे आर्थिक केंद्र आग्नेयेकडे साओ पावलोकडे सरकले आणि बाहिया हे मोठे, गरीब, आफ्रिकी वंशाच्या लोकांची बहुसंख्या असलेले राज्य मागे राहिले. या मागासलेपणाच्या जाणिवेतून मागाल्याइस यांच्या राजकारणाला भाषा मिळाली. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेऊन तिच्याविषयीच्या दोन प्रचलित आकलनांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. एक आकलन त्यांना जुन्या जमीनदारी सत्तेचा शेवटचा अवशेष मानते. दुसरे त्यांना आधुनिक बाहियाचा शिल्पकार म्हणून गौरविते.

‘कोरोनेल’ ही संकल्पना आणि तिची मर्यादा :

ब्राझीलमध्ये १८३१ साली ‘नॅशनल गार्ड’ची स्थापना झाली. तिच्यातील कर्नलपद ग्रामीण भागातील प्रतिष्ठित जमीनदारांना दिले जाई. पुढे ही पदवी लष्करी राहिली नाही. जो माणूस आपल्या मुलखातील मते एकगठ्ठा वळवू शकतो तो ‘कोरोनेल’ झाला. व्हिक्टर नुनेस लेआल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे जे विश्लेषण केले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यांच्या मते कोरोनेलिझ्मो ही जमीनदारांच्या बळाची खूण नसून त्यांच्या दुर्बलतेची खूण आहे. राज्यसंस्था बळकट होत असताना आणि जमीनदार खालावत असताना दोघांमध्ये झालेली ती तडजोड आहे : जमीनदाराने मते द्यावीत आणि सरकारने त्याला नोकऱ्या, पोलीस व निधी यांवर स्थानिक हुकमत द्यावी.

वृत्तपत्रीय लेखनात मागाल्याइस यांना सर्रास ‘कोरोनेल’ म्हटले गेले. त्यांच्या निधनानंतर ‘शेवटचा कोरोनेल’ हे विशेषणही रूढ झाले. हे विशेषण आकर्षक आहे, परंतु दिशाभूल करणारे आहे. मागाल्याइस जमीनदार घराण्यातून आले नव्हते. त्यांचे वडील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक व लोकप्रतिनिधी होते. ते स्वतः बाहियाच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. काही काळ त्यांनी पत्रकारिताही केली. राजकारणाची दीक्षा त्यांना बाहियाचे प्रभावी नेते जुरासी मागाल्याइस यांच्या वर्तुळात मिळाली (आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते). १९५४ साली उदारमतवादी-पुराणमतवादी अशा यूडीएन पक्षातर्फे ते राज्य विधिमंडळात निवडून आले आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय संसदेत पोहोचले. म्हणजे जमीन, मजूर आणि खासगी शिपाई यांपैकी कशाचाही आधार नसलेला हा शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस होता. त्याची सत्ता राज्यसंस्थेच्या आतूनच उगवली. नुनेस लेआल यांच्या मांडणीत राज्यसंस्था आणि कोरोनेल हे दोन पक्ष आहेत. मागाल्याइस यांच्या बाबतीत ते दोन्ही एकाच व्यक्तीत एकवटले. जुने ग्रामीण कोरोनेल तर त्यांचे अंकित झाले.

नियुक्तीची वर्षे (१९६४-१९८३) :

१९६४ च्या लष्करी उठावाला मागाल्याइस यांचा पाठिंबा होता. त्यानंतर सत्ताधारी ‘अरेना’ पक्षात ते सहजपणे सामील झाले. १९६७ मध्ये त्यांची साल्वादोरच्या नगराध्यक्षपदी नियुक्ती झाली, १९७१ ते १९७५ या काळात ते राज्यपाल होते, मधल्या काळात ‘एलेट्रोब्रास’ या राष्ट्रीय वीज कंपनीचे अध्यक्ष आणि १९७९ ते १९८३ पुन्हा राज्यपाल. या कार्यकारी पदांपैकी एकाही पदासाठी त्यांना मतदारांसमोर जावे लागले नाही. लोकनेता म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याने राज्यपालपदाची थेट निवडणूक प्रथमच लढविली ती १९९० साली, वयाच्या ६३ व्या वर्षी. त्यांच्या चरित्रातील ही बाब गौरवपर लेखनात ओझरती येते. वस्तुतः ती मध्यवर्ती आहे.

या काळात त्यांनी केलेली कामे नाकारता येणार नाहीत. साल्वादोर हे डोंगर-दऱ्यांवर वसलेले शहर. दऱ्यांच्या तळातून काढलेल्या रुंद रस्त्यांनी त्याची वाहतूक बदलून टाकली. राज्यपालपदाच्या पहिल्या कारकिर्दीत सरकारी कार्यालये जुन्या शहरातून बाहेर काढून नवे प्रशासकीय केंद्र उभारण्यात आले. परंतु रस्ते कोणत्या जमिनीतून गेले आणि त्या जमिनीचे पुढे काय झाले, हा प्रश्न रस्त्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. १९६८ च्या नागरी सुधारणा कायद्याने शहराच्या मालकीच्या, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी खासगी मालकीत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यातून शहराच्या वाढीच्या दिशेतील मोठे भूखंड मोजक्या हातांत गेले आणि नव्या रस्त्यांनी त्यांचे मोल वाढविले. गरिबांची वस्ती मात्र दूरच्या उपनगरांत आणि उतारांवर ढकलली गेली. सार्वजनिक पैशाने खासगी जमिनीची किंमत वाढविण्याची ही पद्धत भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

याच काळात विरोधी आवाजाशी त्यांचा व्यवहार कसा होता, हे ‘जोर्नाल दा बाहिया’ या दैनिकाच्या अनुभवातून कळते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या वृत्तपत्राची सरकारी जाहिरातींतून कोंडी करण्यात आली. खासगी जाहिरातदारांवरही दडपण आले. लष्करी राजवटीत सेन्सॉर होताच, पण येथे शस्त्र सेन्सॉरचे नव्हते; हिशेबाच्या वहीचे होते. या वृत्तपत्राचे संपादक जुआंव कार्लोस तेशेइरा गोमेस यांनी २००१ साली ‘मेमोरियास दास त्रेवास’ हा ग्रंथ लिहून हा सर्व इतिहास मांडला. ग्रंथ जाडजूड आहे, संतप्त आहे, आणि वाचणाऱ्याला कधीकधी असे वाटते की लेखकाने आपल्या शत्रूला त्याच्या हयातीतच त्याच्या योग्यतेहून मोठे केले. तरीही साधन म्हणून त्याचे मूल्य कमी होत नाही. राज्याच्या इतर माध्यमांनी जे छापले नाही ते त्यात आहे.

लष्करी राजवटीचा सूर्य मावळू लागल्याचे ज्यांनी वेळेवर ओळखले, त्यांत मागाल्याइस अग्रभागी होते. १९८४ मध्ये सत्ताधारी पक्षाने साओ पावलोचे पावलो मालुफ यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा पक्षातील असंतुष्टांनी विरोधी उमेदवार तान्क्रेदो नेव्हिस यांची बाजू घेतली. हवाई दलाच्या मंत्र्याने साल्वादोर येथेच या असंतुष्टांना गद्दार म्हटले. मागाल्याइस यांनी त्याला तितकेच जळजळीत उत्तर दिले : जो भ्रष्ट उमेदवाराला साथ देतो तोच गद्दार, असा त्याचा आशय होता. वीस वर्षे ज्या राजवटीने त्यांना पदे दिली तिच्या मंत्र्याला जाहीर उत्तर देणारा नागरी नेता म्हणून त्यांची प्रतिमा एका दिवसात उजळली. १५ जानेवारी १९८५ रोजी निर्वाचक मंडळात तान्क्रेदो विजयी झाले. २१ एप्रिलला त्यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष जोझे सार्ने राष्ट्राध्यक्ष बनले. नव्या लोकशाही सरकारात मागाल्याइस दळणवळण मंत्री होते. राजवट बदलली, त्यांचे स्थान बदलले नाही.

ध्वनिलहरींची वाटणी :

मागाल्याइस यांच्या कारकिर्दीचा सर्वांत दूरगामी भाग कोणता, असे विचारले तर रस्ते किंवा कारखाने यांच्याऐवजी १९८५ ते १९९० ही पाच वर्षे दाखवावी लागतील. रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने देण्याचा अधिकार त्या वेळी केंद्र सरकारकडे होता आणि त्याचा दरवाजा दळणवळण मंत्रालयातून उघडत असे. याच काळात संविधान सभेचे कामकाज चालू होते. राष्ट्राध्यक्ष सार्ने यांना चार वर्षे मिळावीत की पाच, हा वादाचा मुद्दा होता. या काळात हजाराहून अधिक परवाने वाटले गेले आणि त्यांतील अनेक संसदसदस्यांच्या, त्यांच्या नातेवाइकांच्या वा हितसंबंधीयांच्या पदरात पडले. जून १९८८ मध्ये संविधान सभेने सार्ने यांना पाच वर्षे दिली. ब्राझीलच्या अभ्यासकांनी पुढे यासाठी ‘इलेक्ट्रॉनिक कोरोनेलिझ्मो’ अशी संज्ञा घडविली. १९८८ च्या संविधानाने परवान्यांना संसदेची संमती आवश्यक केली आणि सार्वजनिक सेवेच्या परवानाधारक कंपन्यांशी लोकप्रतिनिधींनी करार करण्यावर निर्बंध घातले, हे खरे. तथापि, संमती देणाऱ्या संसदेत परवानाधारकांचीच उपस्थिती लक्षणीय असल्यावर त्या तरतुदींचे काय व्हायचे ते झाले.

बाहियातील उदाहरण अधिक बोलके आहे. मागाल्याइस कुटुंबाची ‘टीव्ही बाहिया’ ही वाहिनी मार्च १९८५ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती ‘मान्शेते’ या जाळ्याचे कार्यक्रम दाखवीत असे. १९८७ च्या आरंभी देशातील सर्वांत बलाढ्य ‘ग्लोबो’ समूहाने सुमारे १८ वर्षांची जुनी सहयोगी ‘टीव्ही आरातू’ हिला सोडून ‘टीव्ही बाहिया’शी करार केला. त्याच सुमारास दूरसंचार यंत्रसामग्री पुरविणाऱ्या ‘एनईसी’ कंपनीच्या ब्राझीलमधील शाखेचे नियंत्रण ग्लोबोचे प्रमुख रोबेर्तो मारिन्यो यांच्याकडे गेले होते. या कंपनीचे मोठे ग्राहक सरकार होते आणि सरकारच्या वतीने निर्णय घेणारे खाते मागाल्याइस यांचे होते. या दोन घटनांमध्ये देवाणघेवाण असल्याचा आरोप झाला. मागाल्याइस यांनी तो नाकारला. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयाची आहे. अभ्यासकाला एवढेच पुरेसे आहे की, राज्यात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीची मालकी आणि त्या क्षेत्राचे नियमन करणारे मंत्रिपद ही दोन्ही एकाच घरात नांदत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले ‘कोर्रेयो दा बाहिया’ हे दैनिकही याच घराचे.

या माध्यमसत्तेचे राजकीय फळ लगेच मिळाले नाही, हेही नोंदवायला हवे. १९८६ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत मागाल्याइस यांच्या गटाचा वाल्दिर पिरेस यांनी पराभव केला. परंतु पिरेस १९८९ मध्ये राष्ट्रीय निवडणुकीतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी राज्य सोडून गेले आणि विरोधकांची फळी विस्कटली. १९९० मध्ये मागाल्याइस विजयी झाले. येथून सलग सोळा वर्षे राज्यपालपद त्यांच्याच गटाकडे राहिले : ते स्वतः, मग पावलो सोउतो, सेझार बोर्जेस आणि पुन्हा सोउतो. राजधानीने मात्र त्यांना सहजासहजी स्वीकारले नाही. १९९२ मध्ये साल्वादोरच्या मतदारांनी लिदिसे दा माता या विरोधी उमेदवाराला नगराध्यक्ष केले. राज्य सरकारने तिची आर्थिक कोंडी केली आणि १९९६ मध्ये शहर कार्लिस्ट गटाच्या हाती आले. निकाल मान्य नसेल तर निवडून आलेल्याला काम करू द्यायचे नाही, म्हणजे पुढच्या वेळी मतदार स्वतःच शहाणा होतो. हे तंत्र ‘जोर्नाल दा बाहिया’च्या कोंडीहून वेगळे नाही.

पेलोरिन्यो : वारसा कोणाचा?

साल्वादोरच्या जुन्या शहराचा पेलोरिन्यो हा भाग. या शब्दाचा अर्थच गुलामांना फटके मारण्याचा खांब असा आहे. १९८५ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून घोषित केला, तेव्हा तेथील वाड्यांच्या भिंती ढासळत होत्या आणि त्यांत अत्यंत गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. मागाल्याइस यांच्या तिसऱ्या कारकिर्दीत, १९९२-९३ पासून, राज्य सरकारने एकेक चौक घेऊन येथे जीर्णोद्धार केला. इमारती वाचल्या, पर्यटक आले, रंगवलेल्या दर्शनी भिंतींची छायाचित्रे जगभर गेली. रहिवाशांपैकी बहुसंख्य कुटुंबे मात्र किरकोळ भरपाई घेऊन बाहेर पडली. जीर्णोद्धाराच्या पुढील टप्प्यात रहिवाशांची संघटना उभी राहिली, तिने कायद्याचा आधार घेतला आणि २००५ मधील कराराने शंभराहून थोड्या अधिक कुटुंबांना तेथेच राहण्याचा हक्क मिळाला. हा हक्क पहिल्या टप्प्यांतील लोकांना मिळाला नाही, कारण त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

या प्रकल्पातून मागाल्याइस यांच्या ‘बाहियापणा’च्या राजकारणाचे अंतरंग उघड होते. आफ्रो-ब्राझिलियन संस्कृती ही राज्याची ओळख म्हणून त्यांनी उचलून धरली. कादंबरीकार जोर्जे आमादो यांच्यासारख्यांशी त्यांचा स्नेह होता, कांदोम्ब्ले धर्मपरंपरेच्या ज्येष्ठांकडे त्यांचे जाणे-येणे होते. त्यामुळे कृष्णवर्णीय संस्कृतीचे ते आश्रयदाते अशी समजूत पसरली. परंतु कांदोम्ब्लेच्या देवस्थानांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागण्याची अपमानास्पद अट १९७६ मध्ये रद्द केली ती रोबेर्तो सान्तोस या राज्यपालांनी, मागाल्याइस यांच्या दोन कारकिर्दींच्या मधल्या काळात. आश्रय आणि हक्क यांतला भेद येथे स्पष्ट दिसतो.

मतदान-फलकाचे प्रकरण :

१९९५ मध्ये मागाल्याइस सिनेटमध्ये गेले. त्यांचे पुत्र लुईस एदुआर्दो त्याच वर्षी कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. फेर्नांदो एन्रिके कार्दोझो यांच्या सरकारला ज्या आघाडीचा आधार होता, तिचा एक खांब पिता-पुत्रांची ही जोडी होती. पित्यापेक्षा सौम्य व संवादी असलेल्या लुईस एदुआर्दो यांच्याकडे भावी राष्ट्राध्यक्ष म्हणून पाहिले जाई. २१ एप्रिल १९९८ रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साल्वादोरच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तो विमानतळ बाहियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील २ जुलै १८२३ या दिवसाच्या नावाने ओळखला जात असे. लोकांचा दिवस पुसून कुटुंबाचे दुःख तेथे कोरले गेले. पश्चिम बाहियात २००० साली निर्माण झालेल्या एका नगरपालिकेलाही हेच नाव मिळाले.

१९९७ ते २००१ या काळात मागाल्याइस सिनेटचे अध्यक्ष होते. त्यांच्या पतनाची कथा एखाद्या जुन्या नाटकासारखी आहे, कारण तिचे बीज त्यांनीच पेरले. १९९९ मध्ये न्यायव्यवस्थेतील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी त्यांनी संसदीय समिती घडवून आणली. साओ पावलोच्या कामगार न्यायालयाच्या इमारतीच्या बांधकामातील घोटाळा तिने उघडकीस आणला आणि त्यात सिनेटर लुईझ एस्तेव्हांव अडकले. २८ जून २००० रोजी सिनेटने गुप्त मतदानाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले; ब्राझीलच्या सिनेटच्या इतिहासातील ही पहिलीच घटना. ५२ मते ठरावाच्या बाजूने पडली. कोणी कसे मत दिले हे कोणालाही कळू नये, अशी संविधानाची अपेक्षा होती.

फेब्रुवारी २००१ मध्ये परिस्थिती पालटली. सिनेटचे अध्यक्षपद त्यांचे कट्टर वैरी जादेर बार्बाल्यो यांच्याकडे गेले. राष्ट्राध्यक्ष कार्दोझो यांनी मागाल्याइस यांच्या गटातील दोन मंत्र्यांना दूर केले. याच काळात केंद्रीय सरकारी अभियोक्त्यांशी झालेल्या भेटीत मागाल्याइस यांनी बार्बाल्यो व सरकार यांच्याविरुद्ध बरेच काही सांगितले आणि ओघात असेही सुचविले की, विरोधी पक्षाच्या सिनेटर एलोइझा एलेना यांनी एस्तेव्हांव यांच्या बाजूने मत दिल्याचे आपल्याला ठाऊक आहे. संभाषण ध्वनिमुद्रित झाले होते. ते एका साप्ताहिकातून प्रसिद्ध झाले. गुप्त मतदानातील मत अध्यक्षांना कसे कळले, हा साधा प्रश्न उभा राहिला. तांत्रिक तपासणीत इलेक्ट्रॉनिक मतदान-यंत्रणेत हस्तक्षेप झाल्याचे निष्पन्न झाले. सिनेटच्या संगणक विभागाच्या प्रमुख महिलेने सांगितले की, सरकारचे सिनेटमधील नेते जोझे रोबेर्तो आर्रुदा यांच्या सांगण्यावरून आपण यादी काढली. आर्रुदा यांनी आधी नाकारले, मग व्यासपीठावरून कबुली दिली. यादी आपण पाहिली, हे मागाल्याइस यांनाही मान्य करावे लागले.

१६ मे २००१ रोजी साल्वादोरमध्ये त्यांच्या सदस्यत्वाच्या समाप्तीची मागणी करणारा विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. राज्य पोलिसांनी त्याचा पाठलाग करीत बाहियाच्या केंद्रीय विद्यापीठाच्या आवारात प्रवेश केला. अश्रुधूर आणि लाठ्या यांचा वापर झाला. राज्याच्या पोलिसांनी केंद्राच्या विद्यापीठात शिरणे हा कायद्याचाही प्रश्न होता. विद्यापीठाच्या भिंती लष्करी काळातही कधी सुरक्षित नव्हत्या; पण संविधान लागू होऊन तेरा वर्षे होत असताना, एका सिनेटरच्या विरोधातील घोषणा थांबविण्यासाठी, कायदा विद्याशाखेच्या दारात पोलीस उभे राहावेत, यावरून राज्ययंत्रणा कोणाची मानली जात होती हे कळते.

सिनेटच्या नीतिमत्ता समितीने कारवाईची शिफारस केली. कारवाई रीतसर सुरू होण्यापूर्वीच, ३० मे २००१ रोजी मागाल्याइस यांनी राजीनामा दिला. आर्रुदा काही दिवस आधीच गेले होते. सदस्यत्व रद्द झाले असते तर अनेक वर्षे निवडणूक लढविता आली नसती. राजीनामा दिल्याने काहीच गमवावे लागले नाही. रिकाम्या जागी पर्यायी सदस्य म्हणून आले ते त्यांचेच पुत्र. २००२ च्या निवडणुकीत बाहियाने मागाल्याइस यांना पुन्हा सिनेटमध्ये पाठविले. त्याच निवडणुकीच्या काळात बाहियात शेकडो दूरध्वनी बेकायदा ऐकले गेल्याचे २००३ मध्ये उघड झाले आणि संशयाची सुई त्यांच्याकडे वळली. सिनेटच्या पदाधिकाऱ्यांनी ते प्रकरण पुढे जाऊ दिले नाही. संस्थांनी धडा घेतला, पण सावकाश. कारवाई टाळण्यासाठी राजीनामा देणाऱ्यालाही अपात्र ठरविणारा कायदा २०१० मध्ये झाला, तर सदस्यत्व रद्द करण्याच्या ठरावावरील मतदान २०१३ च्या संविधान-दुरुस्तीने खुले झाले.

मध्यस्थाची सत्ता आणि २००६ :

राज्यशास्त्रज्ञ पावलो फाबियो दान्तास नेतो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात मागाल्याइस यांचे राजकारण परंपरा, एकाधिकार आणि करिश्मा यांच्या संयोगातून समजावून घेतले आहे. बाहियाच्या अभिजनांनी पाहिलेले आधुनिकीकरणाचे स्वप्न त्यांनी हुकूमशाही साधनांनी राबविले, ही मांडणी ‘शेवटचा कोरोनेल’ या घोषवाक्यापेक्षा कितीतरी सकस आहे. मात्र हा अभ्यास १९५४ ते १९७४ एवढ्याच कालखंडापुरता आहे. त्यामुळे सत्तेची घडण कळते. तिचा ऱ्हास कळत नाही. ऱ्हासाकडे पाहिले म्हणजे तिसरी बाजू समोर येते. मागाल्याइस हे केंद्रीय तिजोरी आणि बाहिया यांच्यामधील मध्यस्थ होते. कामासारीचा रासायनिक प्रकल्प १९७८ मध्ये सुरू झाला तो केंद्राच्या नियोजनातून. १९९९ मध्ये रिओ ग्रांदे दो सुल राज्याने सवलतींचा फेरविचार करताच फोर्ड कंपनीचा कारखाना बाहियाकडे वळला, तोही केंद्रीय करसवलतींच्या आधारे. आणि त्या मिळवून देण्यात सिनेटच्या अध्यक्षांचा वाटा मोठा होता. छोट्या नगरपालिकेच्या प्रमुखाला रस्ता हवा असो वा दवाखाना, वाट साल्वादोरमधील एकाच दारातून जाई. ब्राझिलियात वजन आहे म्हणून बाहियात धाक, आणि बाहियातील मते हातात आहेत म्हणून ब्राझिलियात वजन, असे हे चक्र होते. चक्राची एक बाजू निखळली की दुसरी आपोआप निखळणार होती.

ती २००३ नंतर निखळली. लुला दा सिल्वा यांच्या सरकारात मागाल्याइस यांच्या गटाला स्थान नव्हते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे २००३ च्या अखेरीस सुरू झालेली ‘बोल्सा फामिलिया’ योजना. तिचे पैसे केंद्राच्या बँकेमार्फत कार्डाद्वारे थेट कुटुंबातील स्त्रीच्या हाती पडत. नावनोंदणी नगरपालिकेकडे असली तरी रक्कम कोणाच्या मेहेरबानीने आली असे सांगण्याची सोय राज्यातील पुढाऱ्याला उरली नाही. विशेष म्हणजे या योजनेला ज्या निधीतून काही आधार मिळाला, तो दारिद्र्य-निर्मूलन निधी डिसेंबर २००० च्या संविधान-दुरुस्तीने निर्माण झाला होता आणि तिचे प्रणेते होते स्वतः मागाल्याइस. त्यांच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत लोकोपयोगी म्हणता येईल असे हे काम. त्यांच्या राजकारणाच्या मुळाला लागलेली कीडही तीच ठरली. अर्थात केवळ एका योजनेवर सर्व भार टाकणे योग्य नाही. २००४ मध्येच साल्वादोरचे नगराध्यक्षपद त्यांच्या गटाच्या हातून गेले होते आणि त्यांचेच जुने सहकारी एकेक करून दूर होत होते.

ऑक्टोबर २००६ मध्ये पावलो सोउतो पुन्हा निवडून येतील असे जनमत चाचण्या सांगत होत्या. कामगार पक्षाचे जाकेस वागनर पहिल्याच फेरीत विजयी झाले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, २० जुलै २००७ रोजी साओ पावलोच्या रुग्णालयात मागाल्याइस यांचे निधन झाले. सिनेटमधील जागेवर पर्यायी सदस्य म्हणून पुन्हा त्यांचे पुत्रच बसले.

त्यानंतरच्या घटना त्यांच्या गुणग्राहकांना आणि टीकाकारांनाही थोड्या अडचणीच्या आहेत. त्यांचे नातू २०१२ मध्ये साल्वादोरचे नगराध्यक्ष झाले आणि २०१६ मध्ये पुन्हा निवडून आले. ज्या राजधानीने आजोबांना दीर्घकाळ नाकारले तिने नातवाला स्वीकारले. ग्रामीण बाहिया, जो आजोबांचा गड होता, त्याने २०२२ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत नातवाला पाडले आणि कामगार पक्षाचे जेरोनिमो रोद्रिगेस यांना निवडून दिले. ग्रामीण नगरपालिकांचे प्रमुख पूर्वी मागाल्याइस यांच्याकडे ज्या कारणासाठी जात, त्याच कारणासाठी आता ते नव्या राज्यपालांकडे जाऊ लागले. मागाल्याइस यांच्या गटातून राज्यपाल झालेले सेझार बोर्जेस पुढे कामगार पक्षाच्या केंद्र सरकारात मंत्री झाले. २००२ मध्ये त्याच गटातर्फे काही महिने राज्यपाल असलेले ओत्तो आलेंकार हे त्या पक्षाच्या आघाडीतून सिनेटवर गेले. फोर्डने जानेवारी २०२१ मध्ये कामासारीचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. २०२३ मध्ये ती जागा बीवायडी या चिनी कंपनीकडे गेली आणि तिच्यासाठीच्या वाटाघाटींतही राज्य व केंद्र यांच्या सवलतींचीच भाषा होती.